स्टीलच्या पोटातल्या पोकळ्या

एकाने विचारलंय की स्टेनलेस स्टील गंजत नाही, सहज वितळत नाही, मग फ्यूजन भट्टीत (हलक्या अणूंची केंद्रकं जोडून ऊर्जा मिळवणाऱ्या अणुभट्टीत) अडचण कसली? अहो, फुगण्याची! स्कॉटलंडच्या डूनरे अणुभट्टीतलं स्टेनलेस स्टील इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तेव्हा धातूच्या पोटात बारीक बारीक पोकळ्या दिसल्या; 1967 साली ते प्रसिद्ध झालं. न्यूट्रॉनच्या माऱ्याने अणू जागचे उडतात, मागे उरलेल्या रिकाम्या जागा एकत्र येतात. 316 नावाचं स्टेनलेस स्टील एकदा फुगायला लागलं, की प्रत्येक अणू सरासरी एकदा जागचा हलेपर्यंत आकारमान साधारण 1% वाढतं, आणि पुढेही तसंच वाढत राहतं. फ्यूजनचे 14 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) इतक्या जोरदार ऊर्जेचे न्यूट्रॉन तर धातूतच हेलियम बनवतात, आणि तो या पोकळ्यांना टिकवून धरतो. म्हणून माझा भरवसा 9% क्रोमियमच्या, यूरोफर (फ्यूजन भट्टीसाठी युरोपात बनवलेलं पोलाद) सारख्या पोलादांवर. ती खूपच कमी फुगतात. मात्र साधारण 350 अंश सेल्सियसखाली मारा झाला तर ठिसूळ होतात.