खारफुटीच्या पानांचा अर्क आणि ‘वय रोखणारा’ गुण: चाचण्या कशा लावाव्यात? (चर्चा; वेगळ्या ओळीत आलेली नावं ही बोलणाऱ्यांची टोपणनावं)

पानतिवर
तिवर (ॲव्हिसेनिया मरिना) आणि कांदळ (रायझोफोरा म्युक्रोनाटा) यांच्या पानांचे ८० टक्के मिथेनॉलमधले अर्क माझ्याकडे आहेत. डीपीपीएच चाचणीत (ऑक्सिडीकरण रोखण्याची ताकद मोजणाऱ्या) दोन्ही चांगले उतरतात, कांदळ जास्त. कांदळाचा अर्क इलास्टेज, कोलाजिनेज (त्वचेतली इलास्टिन आणि कोलाजेन ही प्रथिनं तोडणारी) आणि टायरोसिनेज (त्वचेचा रंग बनवणारं) ही तिन्ही एन्झाइमं रोखतो. एवढ्यावर ‘त्वचेचं वय रोखण्याची क्षमता’ असं लिहिता येईल का? नसेल तर पुढे काय करावं?

सालपेटी
नाही लिहिता येणार. एकमेकांशी काहीही नातं नसलेली तीन एन्झाइमं एकच अर्क रोखतो, तेव्हा पहिला संशय टॅनिनवर, म्हणजे प्रथिनांना चिकटणाऱ्या तुरट वनस्पती-द्रव्यावर, घ्यायचा. कांदळात घनरूप टॅनिन भरपूर असतं आणि ते समोर येईल त्या प्रथिनाला चिकटून साका बनवतं. एन्झाइम ‘रोखलं’ गेलं असं दिसतं, प्रत्यक्षात ते द्रावणातूनच बाहेर पडलेलं असतं.

तपासायला सोपं आहे. अर्क पाण्याने पातळ करा, कारण मिथेनॉल जास्त असेल तर टॅनिन नीट पकडलं जात नाही. १०० मिग्रॅ पीव्हीपीपीवर (टॅनिन धरून ठेवणारी, न विरघळणारी पावडर) १ मिली पाणी आणि १ मिली अर्क घालून ढवळा, ४ अंशांवर १५ मिनिटं ठेवा, सेंट्रिफ्यूजमध्ये ३००० जी (गुरुत्वाच्या ३००० पट) बलाने १० मिनिटं फिरवा आणि वरच्या निवळीवर तीच चाचणी पुन्हा लावा. सोबत दुसऱ्या नळीत मूळ अर्कच घेऊन ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० (साबणासारखं द्रव्य) घाला. परिणाम दोन्हीकडे नाहीसा झाला तर तो टॅनिनचा होता. मात्र पीव्हीपीपी थोडे फ्लेव्होनॉइडही (टॅनिनहून लहान वनस्पती-रसायनं) ओढून घेतं, म्हणून फक्त त्याच्या भरवशावर निकाल देऊ नका.

कोलाजिनेजसाठी ईडीटीए आणि टायरोसिनेजसाठी कोजिक आम्ल हे तुलनेचे नमुने (ही एन्झाइमं रोखतात हे आधीच माहीत असलेली द्रव्यं) हवेतच. टायरोसिनेज ४७५ नॅनोमीटरवर मोजताना अर्काचा स्वतःचा तपकिरी रंग वजा करायला विसरू नका. ४१० नॅनोमीटरवरच्या इलास्टेजला तर हा रंग आणखी जास्त नडतो.

द्रावक
अर्क करण्याआधीची गोष्ट कुणी विचारत नाही, म्हणून सांगतो. तिवराच्या पानांवर मीठग्रंथी असतात, कांदळात नसतात. पानं गोड्या पाण्याने नीट धुतली नाहीत तर पावडरच्या वजनात मीठ मोजलं जातं, आणि ८० टक्के मिथेनॉलमध्ये शुद्ध मिथेनॉलपेक्षा ते बरंच जास्त विरघळतं. मग ‘प्रति मिग्रॅ अर्क’ अशी दोन्ही झाडांची तुलना करण्यात अर्थ उरत नाही. सावलीत किंवा ४० अंशांखाली वाळवा, पावडरच्या १० पट द्रावक घ्या, २४ तास ठेवून गाळा, असं तीनदा. सुकवलेला अर्क उणे २० अंशांवर ठेवा.

फिनॉल मोजायच्या फोलिन या रंग-चाचणीचा आकडा म्हणजे ‘एकूण फिनॉल’ असंही धरू नका. साखर आणि ॲस्कॉर्बिक आम्लही त्यात रंग देतात.

पानतिवर
टॅनिन काढल्यावर परिणाम उरला, तर पुढची पायरी पेशींवर चाचणी की जंतांवर?

सूक्ष्मदर्शी
आधी पेशी. माणसाच्या त्वचेतले फायब्रोब्लास्ट (कोलाजेन बनवणाऱ्या पेशी) घ्या, हायड्रोजन पेरॉक्साइडने त्यांना वार्धक्याकडे ढकला आणि पीएच ६.० वर बीटा-गॅलॅक्टोसिडेज या एन्झाइमचा, म्हाताऱ्या पेशींत दिसणारा निळा रंग पाहा. जोडीला पी१६ आणि पी२१ ही वार्धक्याची खूण असलेली प्रथिनं. इथे नेहमीची चूक म्हणजे अर्क आणि पेरॉक्साइड एकत्र घालणं. अर्क माध्यमातच (पेशी वाढवायच्या द्रवात) पेरॉक्साइड खाऊन टाकतो, पेशीपर्यंत काही पोहोचतच नाही, आणि आपण म्हणतो पेशी वाचल्या. अर्क २४ तास द्या, दोनदा धुऊन काढा, मगच पेरॉक्साइड. उलटही घडतं: पॉलिफिनॉल माध्यमात आपोआप ऑक्सिडाइझ होऊन स्वतःच पेरॉक्साइड तयार करतात. म्हणून पेशी नसलेल्या माध्यमात अर्क घालून एक कप्पा ठेवावाच.

सी. एलेगन्स या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्म जंतात आयुष्य वाढलेलं दिसलं तरी घाई नको. टॅनिन जंतांच्या खाण्यातल्या ई. कोलाय या जीवाणूंची वाढ रोखू शकतं. खाणं कमी झालं की जंत तसेही जास्त जगतात. मारलेले जीवाणू द्या, घशाचे ठोके मोजा, तापमान २० अंश स्थिर ठेवा.

सालपेटी
त्वचेवर लावण्याचा दावा असेल तर आणखी एक अडचण. ५०० डाल्टनपेक्षा (रेणूच्या वजनाचं एकक) मोठे रेणू न फाटलेल्या त्वचेतून सहसा आत जात नाहीत, आणि घनरूप टॅनिन त्याहून कितीतरी मोठं. ल्युपिऑल, टॅरॅक्सेरॉल, क्वेर्सेटिन असे लहान रेणू वेगळे करून तपासलेत तर हातात काही ठोस येईल. माझा कल तिकडेच आहे.

आणि गेवा (एक्सोकेरिया ॲगॅलोचा) ही खारफुटी या कामात घेऊ नका. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते आणि त्यातली फॉर्बॉल एस्टर ही रसायनं कर्करोगाच्या गाठी वाढवणारी असतात. सालही टाळा: खोडाभोवतीची साल पूर्ण सोलली की झाड मरतं. पानांवर भागतं. प्रत्येक झाडाची फुलाफळासकट एक फांदी ओळख पटवायला वनस्पतिसंग्रहात जमा करा. कांदळाच्या दोन जाती नुसत्या पानांवरून सहज गोंधळात टाकतात.