सल्ला हवा: फोंडाघाट, खडी आणि जांभ्याची वाट – एसयूव्हीचा रंग कसा जपावा?

घाटमाथा

नमस्कार मंडळी. यंदा घरात गडद निळी एसयूव्ही आली. मी कोल्हापुरात राहतो, आईबाबा मालवणजवळ गावी. राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट, कणकवली असा नेहमीचा रस्ता. गावातला शेवटचा तुकडा जांभ्याचा कच्चा, आणि दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या गाडीला घासतात.

इतक्यातच बॉनेटच्या पुढच्या कडेवर पांढरे ठिपके पडलेत. मागच्या चाकाच्या अलीकडे, दाराच्या खालच्या पट्टीवर तर रंग खरवडल्यासारखा झालाय. बॉनेटवरच्या एका ठिपक्यात पत्रा दिसतो. एकजण म्हणतो सिरॅमिक कोटिंग (रंगावर द्यायचा पातळ, कडक संरक्षक लेप) करा, दगडसुद्धा लागणार नाही. दुसऱ्याने सगळ्या गाडीला पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म सुचवली, खर्च लाखाच्या वर. गाडी दहा वर्षं तरी वापरायची आहे. खर्च करायला ना नाही, पण तो कशावर करावा ते सांगा.

रापणकर

आधी मडफ्लॅप बघा. चारही चाकांना आहेत का? कंपनीचे आखूड असतात, त्यापेक्षा थोडे रुंद आणि लांब रबरी लावा. दाराखालची खरवड समोरच्या गाडीमुळे होत नाही, तुमचंच पुढचं चाक खडी मागे भिरकावतं. शेकड्यांत होणारं काम आहे. आणि रुंद टायर घालायचा विचार असेल तर सोडा. टायर कमानीबाहेर आला की दोन्ही दारं खडीच्या माऱ्यात येतात.

रंगपारखी

गाड्यांच्या रंगकामातच आयुष्य गेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कारखान्यातून आलेल्या गाडीवर खालून वर चार थर असतात: गंजरोधक ईडी कोट, प्रायमर, रंगाचा बेस कोट आणि वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात. सिरॅमिक कोटिंगचा थर एखाद-दोन मायक्रॉनचा. एवढा पातळ थर खडीचा दणका कसा झेलणार? '९ एच' म्हणून जो कडकपणा सांगतात तो पेन्सिलच्या टोकाने ओरखडा काढून ठरवलेला असतो, त्याचा दगडाच्या आघाताशी संबंध नाही. कोटिंग वाईट आहे असं मी म्हणत नाही. पाणी टिकत नाही, लाल धुरळा पटकन निघतो, उन्हाचा त्रास कमी होतो. पण तुमच्या दुखण्यावर ते औषध नव्हे.

पीपीएफ म्हणजे पॉलियुरेथेनची जाड पारदर्शक फिल्म, १५० ते २०० मायक्रॉनची, म्हणजे अख्ख्या रंगापेक्षा जाड. शिवाय ती लवचीक असते. दगड बसला की थोडी दबते आणि आघात स्वतःत जिरवते. हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळूपासून वाचवायला अशा फिल्म आधी वापरात आल्या, गाड्यांवर नंतर. चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उष्णतेने भरून येतात, त्यामुळे करवंदीच्या काट्यांवरही हाच उपाय.

मात्र सगळी गाडी मढवायची गरज मला दिसत नाही. छपरावर आणि डिकीवर खडी येत नाही. एसयूव्हीचं नाक उभं असतं, त्यामुळे मार बसतो तो बॉनेट, बंपर, हेडलाइट, आरशांच्या पाठी, चाकांच्या कमानींच्या कडा, दाराखालची पट्टी आणि मागच्या चाकापुढचा भाग एवढ्यावर. तिथे फिल्म लावा. बॉनेटला अर्धी पट्टी लावू नका, पूर्ण लावा. अर्ध्या पट्टीच्या कडेला मळ साचून रेघ उमटते आणि गडद निळ्यावर ती लांबून दिसते.

आणखी एक. बंपर प्लास्टिकचा आहे, तो गंजत नाही. तिथल्या टवक्याने जीव खाली-वर करू नका. बॉनेटवरचा पत्रा उघडा पडलेला ठिपका मात्र आजच बघण्यासारखा आहे.

घाटमाथा

रंगपारखीकाका, मनापासून आभार. फिल्म निवडताना काय विचारू? आणि पार्किंग सेन्सरवरून ती लावली तर चालते का?

औरंगपुरा

पहिला प्रश्न: टीपीयू (काकांनी सांगितलेलं लवचीक पॉलियुरेथेन) की पीव्हीसी (साधं प्लास्टिक)? स्वस्तातली फिल्म बहुधा पीव्हीसी असते. ती उन्हाने पिवळी पडते, कडक होते आणि काढताना तुकड्यातुकड्यांनी निघते. टीपीयूच घ्या. थ्रीएम, एक्सपेल ही नावं ऐकली असतीलच. आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला कारखाना असलेली गरवारे हाय-टेक फिल्म्सही पीपीएफ बनवते. रोलवरची खूण आणि वॉरंटी कार्डावरचा क्रमांक स्वतः ताडून बघा.

दुसरा: फिल्म प्लॉटरवर (मापाप्रमाणे कापणाऱ्या यंत्रावर) आधी कापून आणणार की गाडीवर ठेवून ब्लेड चालवणार? गाडीवर ब्लेड चालवणाऱ्याचा हात किंचित दाबला गेला तरी क्लिअर कोट कापला जातो. तिसरा: कडा आत वळवणार का?

सेन्सरच्या जागी फिल्म गोल कापून घ्यायची. वरून लावली तर सेन्सर चुकीचे वाजू शकतात. एखादा भाग नव्याने रंगवला असेल तर तो पुरता वाळू द्या, महिनाभर तरी. नाहीतर फिल्म काढताना रंगही सोबत येतो. पारदर्शक फिल्मने गाडीचा रंग बदलत नाही, त्यामुळे आरसी बुकात नोंदीचा प्रश्न नाही. रंगीत रॅपने गाडीचा रंग बदलला तर नोंद लागते.

वणीवाला

आमच्याकडे कोळशाचे ट्रक, तुमच्याकडे खडीचे डंपर. फिल्म लावाच, पण अंतरही ठेवा. मारा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ६० ऐवजी ८० ने गेलात तर त्याच खडीचा दणका पावणेदोन पटीहून जास्त. पावसाळ्यानंतर खड्डे बुजवून वर मोकळी बारीक खडी पसरतात, ते दिवस सगळ्यात वाईट. अशा तुकड्यावर वेग पार कमी करा, ओव्हरटेक करू नका. डंपर पुढे असेल तर मी सरळ चहाला थांबतो.

रंगपारखी

त्या उघड्या पत्र्याबद्दल राहिलं होतं. दाराच्या चौकटीवर किंवा इंजिनाच्या कप्प्यात पट्टी असते, तिच्यावर रंगाचा कोड मिळेल. त्याच कोडचा टचअप रंग घ्या. जागा धुऊन, कोरडी करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लाल ठिपका दिसत असेल तर काडीच्या टोकाला बारीक पॉलिशपेपर चिकटवून तेवढाच गंज खरवडा. मग प्रायमरचा थेंब, तो वाळला की रंग, शेवटी क्लिअर. बाटलीतला ब्रश जाडा असतो, टूथपिकने लावा. एकदम भरायला गेलात तर फुगवटा येतो, पातळ थर दोन-तीनदा द्या. दमट हवेत हे काम करू नका. आणि पीपीएफच्या आधी हे झालंच पाहिजे, फिल्मखाली गंज झाकून ठेवणं म्हणजे त्याला वाढायला मोकळीक देणं.

रापणकर

गाडी किनाऱ्याजवळ उभी राहते, म्हणून तळाचंही बघा. खारी हवा आणि चिखल एकत्र वाईट. रबरी अंडरबॉडी कोटिंग करत असाल तर दारांच्या आणि सिलच्या (दाराखालच्या पत्र्याच्या पट्टीच्या) तळाची पाणी निचरायची भोकं बुजली नाहीत ना, ते वाकून तपासा. भेगाळलेल्या कोटिंगखाली पाणी अडकलं की पत्रा आतून जातो. गावाहून परतलात की चाकांच्या कमानी आतून साध्या पाण्याने धुवा. तिथला ओला जांभा बरेच दिवस सुकत नाही.

आणि कृपा करून धुरळा कोरड्या फडक्याने झटकू नका! जांभ्याची धूळ पॉलिशपेपरसारखी घासते. आधी पाण्याचा फवारा, मग शाम्पू, मग मायक्रोफायबर. गाडी काजूच्या झाडाखालीही लावू नका. बोंडाचा रस आणि पक्ष्यांची शीट उन्हात क्लिअर कोटवर कायमचा डाग पाडतात.

घाटमाथा

ठरलं. या रविवारी टचअप, मडफ्लॅपची ऑर्डर दिली. पुढचा भाग, कमानी आणि दाराखालची पट्टी एवढ्यालाच टीपीयू फिल्म. सगळ्या गाडीच्या निम्म्याहून कमी खर्च सांगितला आहे. एकच शंका: गणपतीला गावी जायचंय. आदल्या दिवशी फिल्म लावून निघालो तर चालेल?

औरंगपुरा

नको. फिल्मखालचं पाणी सुकायला आठवडा तरी जातो, आणि भर पावसात कडा उचलतात. दोन आठवडे आधी लावून घ्या. तेवढं जमत नसेल तर गणपती करून या, मग लावा. सुरुवातीला पाण्याचे बुडबुडे दिसतील, ते आपोआप जातात, बोटाने दाबू नका. पहिला आठवडा गाडी धुऊ नका. नंतरही प्रेशर वॉशरची धार कडेवर तिरपी मारायची नाही, ते सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी देतानाच सांगून ठेवा.