प्रिया तेंडुलकर : एका तासात ‘रजनी’ला किती जागा द्यावी?

नौपाडाकर (ठाणे)

नमस्कार. नौपाड्यातील आमच्या वाचनमंडळाने अभिनेत्री आणि लेखिका प्रिया तेंडुलकर यांच्यावर एक तासाचा कार्यक्रम ठरवला असून त्याचे निवेदन माझ्याकडे आले आहे. सनावळीची अडचण नाही. १९ ऑक्टोबर १९५४ चा जन्म, विजय तेंडुलकरांची कन्या, श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’मध्ये (१९७४) अनंत नाग यांच्या पत्नीची भूमिका, पुढे काही मराठी चित्रपट, १९८५ मध्ये दूरदर्शनवर अन्यायाविरुद्ध भांडणाऱ्या गृहिणीची ‘रजनी’ ही मालिका, नव्वदच्या दशकात ‘हम पांच’ ही विनोदी मालिका आणि स्वतःच्या नावाचा चर्चेचा कार्यक्रम, या सगळ्याच्या बरोबरीने कथालेखन, आणि वयाची अठ्ठेचाळीस वर्षे पूर्ण व्हायला महिना उरला असताना १९ सप्टेंबर २००२ रोजी मुंबईत निधन, एवढे टिपण तयार आहे.

अडचण आहे ती तोलाची. मंडळातील साठीच्या पुढच्या सभासदांना ‘रजनी’वाचून दुसरे काही ऐकायचे नाही. चाळिशीच्या आसपासच्यांना त्या आठवतात त्या ‘हम पांच’मधील भिंतीवरच्या तसबिरीतून नवऱ्याला टोमणे मारणाऱ्या दिवंगत पहिल्या पत्नीच्या रूपात, आणि त्याहून तरुण मंडळींनी नावच ऐकलेले नाही. मला स्वतःला असे वाटते की ‘निर्भीड बाई’ म्हणून आपण ज्यांचे कौतुक करतो ती पुष्कळ अंशी मालिकेतील व्यक्तिरेखा आहे आणि तिच्या आड अभिनेत्री व लेखिका दोघी झाकल्या गेल्या आहेत. हे म्हणणे बरोबर आहे का, आणि असेल तर एका तासात ते श्रोत्यांना न दुखावता कसे मांडावे, याविषयी जाणकारांची मते हवी आहेत.

पाचपाखाडीच्या बाई

मी मराठीची निवृत्त शिक्षिका आहे. आपले निरीक्षण मला मान्य आहे, पण निष्कर्ष पूर्ण मान्य नाही.

‘रजनी’ आकाशातून पडली नाही. प्रियाताई अठरा वर्षांच्या झाल्या त्या १९७२ या एकाच वर्षी त्यांच्या वडिलांची ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ ही दोन नाटके रंगमंचावर आली, आणि दोन्हींवरून महाराष्ट्रात जे रण माजले ते आपल्या पिढीला वेगळे सांगायला नको. एका नाटकाला सेन्सॉरच्या कात्रीविरुद्ध न्यायालयात जावे लागले, दुसऱ्यावर इतिहासाची आणि एका समाजाची बदनामी केल्याचा आरोप झाला. ज्या घरात लिहिलेल्या शब्दामुळे दारात निषेध येऊ शकतो हे तरुणपणीच पाहिलेले असते, त्या घरातील मुलगी पुढे ‘रजनी’तील टॅक्सीचालकांवरच्या भागानंतर प्रत्यक्ष टॅक्सीचालक निषेधासाठी उतरले तेव्हा गडबडून गेली नाही, यात मला तरी नवल वाटत नाही. म्हणून व्यक्तिरेखा आणि बाई यांच्यात आपण सुचवता तितके अंतर असेल असे मी मानत नाही.

मात्र अभिनेत्री झाकली गेली हे शंभर टक्के खरे, आणि त्याचा सर्वांत चांगला पुरावा ‘अंकुर’मध्ये आहे. त्या चित्रपटाचे नाव निघाले की सगळे शबाना आझमींनी केलेल्या लक्ष्मी या मोलकरणीविषयी बोलतात, आणि ते योग्यच आहे. पण जमीनदाराच्या मुलाची बायको सरू सासरी येते, लक्ष्मीचे त्या घरातील स्थान तिला खटकू लागते, आणि आरडाओरडा न करता ती आपला संसार राखायला लागते, ते पुन्हा एकदा लक्ष देऊन पाहावे. वयाने लहान, दिसायला निरागस, आणि तरीही अन्यायाच्या बाजूला उभी असलेली ही मुलगी आहे. ज्या अभिनेत्रीला देश अन्यायाविरुद्ध भांडणारी म्हणून ओळखतो, तिने मोठ्या पडद्यावरच्या सुरुवातीच्या भूमिकेत त्याच व्यवस्थेची लाभार्थी किती समजून उभी केली होती! माझे मत विचाराल तर कार्यक्रमाची सुरुवात इथून करावी. साठीच्या पुढच्यांना धक्का बसेल, पण ‘रजनी’चा अपमान झाला असे कोणालाही वाटणार नाही.

ग्राहकमित्र (वाशी)

मी ग्राहक चळवळीत बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे माझे म्हणणे ‘रजनी’पुरतेच मर्यादित ठेवतो. ‘रजनीमुळे ग्राहक कायदा आला’ हे वाक्य व्याख्यानांतून फार वेळा ऐकू येते. आपण ते म्हणू नये अशी विनंती आहे.

मालिका १९८५ ची. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून काम करत होती. घाऊक दराने माल आणून सभासद कुटुंबांच्या छोट्या छोट्या संघांमध्ये दरमहा वाटप करण्याची तिची पद्धत ठाणेकरांना आणि नवी मुंबईकरांनाही परिचयाची आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे एप्रिल १९८५ मध्ये स्वीकारली, आणि भारताचा ग्राहक संरक्षण कायदा डिसेंबर १९८६ मध्ये झाला. म्हणजे जमीन आधीच नांगरलेली होती.

पण मग ‘रजनी’चे श्रेय काय, तर तेही थोडे नाही. तो कायदा येण्यापूर्वी सदोष वस्तू किंवा वाईट सेवा मिळालेल्या सामान्य माणसापुढे दिवाणी न्यायालयाची वर्षानुवर्षांची वाट होती, नाहीतर मक्तेदारी आणि अनुचित व्यापारी प्रथांसाठीचा दिल्लीतील आयोग होता, जो कल्याण-डोंबिवलीच्या गृहिणीला असून नसल्यासारखा. अशा काळात बासू चॅटर्जींच्या या मालिकेने साडी नेसलेली, घर सांभाळणारी, कोणत्याही पक्षाची किंवा संघटनेची नसलेली एक बाई गॅस सिलिंडरच्या आणि टॅक्सीच्या तक्रारीसाठी घराबाहेर काढली. त्या वेळी बहुतेक घरांत दूरदर्शनशिवाय दुसरे काही दिसत नव्हते, त्यामुळे जे एका घरात पाहिले गेले ते शेजारच्या घरातही पाहिले गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी दुकानदारानेही ते पाहिलेले असे. दुकानात ‘फार रजनी होऊ नका’ असा टोमणा ऐकायला मिळू लागला, तोच तिच्या यशाचा दाखला मानावा.

एक उणीव मात्र मी सांगेनच. रजनी एकटी भांडते आणि भाग संपेपर्यंत जिंकते. प्रत्यक्ष काम असे होत नाही. पावती जपून ठेवावी लागते, तक्रार लेखी द्यावी लागते, पोच घ्यावी लागते, आणि इतरांना बरोबर घ्यावे लागते. रागावलेली बाई पडद्यावर शोभते, पण जिल्हा ग्राहक आयोगापुढे कागद बोलतात. प्रिया तेंडुलकरांच्या अभिनयाचे सामर्थ्य असे की हा फरक त्या वेळी आम्हा कार्यकर्त्यांच्याही लक्षात येत नसे.

घोडबंदर रोड

मी मालिकांच्या निर्मिती विभागात काम करतो आणि माझी बहुतेक चित्रीकरणे ठाण्यातच, घोडबंदर पट्ट्यातल्या स्टुडिओंत आणि भाड्याच्या बंगल्यांत होतात. वरच्या प्रश्नात आणि दोन्ही प्रतिसादांत ‘प्रतिमेत अडकणे’ या गोष्टीकडे पाहण्याची दृष्टी चित्रपटाची वाटते. दूरदर्शन मालिकेचे गणित वेगळे असते आणि ते समजल्याशिवाय या बाईंची कारकीर्द नीट उलगडत नाही.

‘रजनी’ साप्ताहिक आणि प्रायोजित मालिका होती. प्रायोजक पैसे देणार, निर्माता भाग तयार करून देणार, आणि प्रत्येक भागाची गोष्ट स्वतंत्र. अशा रचनेत अभिनेत्रीला दोन भागांच्या मध्ये श्वास घेता येतो, वाचता-लिहिता येते आणि नाही म्हणता येते. आजची दैनंदिन मालिका आठवड्यातून पाच-सहा दिवस दिसते. मुख्य भूमिकेतल्या मुलीचा कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर होण्याची वेळ, सकाळचा, पाळी किमान बारा तासांची, महिन्याचे वीस-पंचवीस दिवस सेटवर, सीन अनेकदा मेकअपच्या खुर्चीत बसल्यावर हातात येणार, आणि मानधन दिवसावर ठरलेले असले तरी साधारण नव्वद दिवसांनी मिळणार. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि ते घसरले की लेखकाने महिन्याभरापूर्वी रचलेला कथेचा ट्रॅक एका दुपारीत बदलतो. बँक नसेल, म्हणजे पुढचे भाग चित्रित होऊन हाताशी नसतील, तर कलाकाराला आजारी पडण्याचीही सोय राहत नाही. कल्याण, बदलापूर, ऐरोलीकडून येऊन इथे काम करणाऱ्या कितीतरी गुणी मुली मी पाहतो. त्यांच्यापैकी कोणाला कथासंग्रह लिहायला सवड मिळेल असे मला वाटत नाही, आणि दोष त्यांचा नाही.

आता ‘हम पांच’. ती १९९५ ची झी वाहिनीवरची विनोदी मालिका, पुढे दैनंदिन मालिकांची ओळख बनलेल्या बालाजी संस्थेची. नवरा अशोक सराफ, दुसरी पत्नी शोमा आनंद, आणि पहिली पत्नी प्रिया तेंडुलकर भिंतीवरच्या चौकटीत. आपण तिचा उल्लेख जाता जाता केला आहे, पण माझ्या मते त्यांच्या अभिनयाचा आणि स्वभावाचाही तो सर्वांत मोकळा नमुना आहे. जी बाई घराबाहेर पडून सगळ्या शहराशी भांडली म्हणून प्रसिद्ध झाली, तिला दहा वर्षांनी दिग्दर्शक सांगतो की तुम्हाला आता भिंतीवरून हलायचे नाही, हातवारे नाहीत, चालणे नाही, फक्त चेहरा आणि आवाज. ती भूमिका त्यांनी घेतली आणि स्वतःच्याच करारी प्रतिमेची थट्टा हसत हसत होऊ दिली. चौकटीत बसून विनोदाची वेळ साधणे किती कठीण असते हे कॅमेऱ्यामागे उभे राहिल्यावर कळते, कारण समोरच्या कलाकाराच्या हालचालीवर प्रतिक्रिया द्यायला शरीरच उपलब्ध नसते. अशोक सराफ आणि त्या ‘गोंधळात गोंधळ’ (१९८१) या मराठी चित्रपटातही होत्या, तेव्हा जुन्या प्रेक्षकांना तो धागा दाखवता येईल. प्रतिमेत अडकलेला कलाकार असे करत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

नौपाडाकर (ठाणे)

सर्वांचे आभार. सरूची भूमिका आणि तसबीर या दोन टोकांच्या मध्ये ‘रजनी’ ठेवावी असे आता वाटू लागले आहे. आणखी एक विचारते. विवाह, विभक्त होणे आणि कर्करोग यांचा उल्लेख करावा का? मंडळात यावरून दोन तट आहेत. लेखनाविषयीही अजून कोणी बोललेले नाही.

कोपरी ग्रंथप्रेमी

उल्लेख करावा, पण प्रत्येकी एका वाक्याचा. करण राझदान हे ‘रजनी’त त्यांच्या नवऱ्याच्या भूमिकेत होते आणि मालिकेच्या लेखनातही त्यांचा सहभाग होता, म्हणून १९८८ चा विवाह हा कारकिर्दीच्या कथेचाच भाग ठरतो, १९९५ मध्ये ते विभक्त झाले, यापुढे जाण्याचे कारण नाही. स्तनाच्या कर्करोगाशी झुंज चालू असताना हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू आला, हेही तितक्याच संयमाने सांगावे. अभिनेत्रीच्या दुःखावर सभागृहात हळहळ मिळवणे सोपे असते, आणि तेच टाळायचे आहे.

लेखनाकडे मात्र निम्मा वेळ द्या. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’, ‘जन्मलेल्या प्रत्येकाला’, ‘जावे तिच्या वंशा’, ‘पंचतारांकित’ ही पुस्तके जुन्या ग्रंथालयांत अजून सापडतात; ठाणे मराठी ग्रंथ संग्रहालयात चौकशी करून पाहा. तेंडुलकरांची मुलगी म्हणून आणि दूरदर्शनवरची प्रसिद्ध बाई म्हणून, अशा दोन कारणांनी समीक्षकांनी त्यांना गंभीरपणे वाचले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. वडिलांनी लिहिलेल्या ‘स्वयंसिद्धा’ मालिकेत त्यांनी मुख्य भूमिका केली तेव्हा तर तुलना अटळच झाली. वास्तविक त्यांची कथा वडिलांच्या नाटकासारखी अंगावर येत नाही, आणि ‘ग्राहकमित्र’ यांनी दाखवलेली ‘रजनी’ची उणीवही तिच्यात नाही, कारण कथेत त्यांना कोणाला जिंकवण्याची घाई नसते. चर्चेच्या कार्यक्रमात लोकांना बोलते करताना त्यांना जो संयम लागला असेल तो मला तरी कथालेखनातून आलेला वाटतो.

त्यामुळे उतारे वाचू नका, एक संपूर्ण कथा दोन आवाजांत वाचा, आणि मालिकेची चित्रफीत त्यानंतर दाखवा. आधी दाखवलीत तर साठीच्या पुढची मंडळी आठवणींत रमतील आणि कथेला कान उरणार नाहीत. लेखिकेच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो, म्हणजे या पुस्तकांवर तो २०६२ च्या अखेरपर्यंत आहे. हौशी मंडळाने श्रोत्यांकडून पैसे न घेता केलेल्या वाचनाला कायद्यात सवलत आहे, तेव्हा प्रवेशिका विनामूल्य ठेवाव्यात आणि वाचनाचे ध्वनिमुद्रण महाजालावर चढवण्याचा विचार असल्यास प्रकाशकाची लेखी परवानगी आधी मागून घ्यावी.