मदत हवी आहे: सकर मासा नेमका कुठून आला हे ऑटोलिथवरून कळेल का?

नमस्कार मंडळी. मी इंदूरला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. गावाबाहेरच्या एका तलावात कोळ्यांच्या जाळ्यात सकर मासे सापडताहेत. काचेच्या टाकीत पाळतात तो हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, म्हणजे कुणीतरी तो आणून सोडला हे उघड आहे. यशवंत सागर आणि सिरपूर, 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेले आमचे दोन्ही तलाव, इथून फार लांब नाहीत. म्हणून जीव खालीवर होतो.

अमेरिकेतल्या यलोस्टोन सरोवरात 1994 मध्ये लेक ट्राउट हा बाहेरचा मासा सापडला, नंतर त्याच्या कानातल्या खड्यातलं, म्हणजे ऑटोलिथमधलं, स्ट्रॉन्शियम-कॅल्शियमचं प्रमाण मोजून तो शेजारच्या लुईस लेकमधून आणल्याचं दाखवलं गेलं. हा खडा थराथराने वाढतो आणि एकदा बसलेला थर सहसा विरघळत नाही, त्यामुळे लहानपणीच्या पाण्याची खूण आत तशीच राहते.

मला असंच पाहायचंय: हे मासे काचेच्या टाकीत वाढले, की याच तलावात जन्मले?

अडचण अशी. कानात अशा खड्यांचे तीन प्रकार असतात. ट्राउटमध्ये त्यातला सॅजिटा वापरतात, पण सकर हा मार्जारमीन (कॅटफिश) गटातला, त्यात लॅपिलस हा दुसरा खडा मोठा असतो. तो कापायचा कसा, कुणी केलंय का? पहिले चार मासे मी फॉर्मेलिनमध्ये ठेवले. त्यातल्या आम्लामुळे खडे झिजतात हे नंतर कळलं, फार वाईट वाटलं. ते आता बादच धरू का? पुढचे मासे बर्फात ठेवलेत. आणि लेझर लावून आयसीपी-एमएस (खड्याच्या थरांतली मूलद्रव्यं मोजायची चाचणी) करून देणारी, विद्यार्थ्यांना परवडेल अशी प्रयोगशाळा बडोदा, पुणे किंवा मुंबईत कुणाला माहीत आहे का?