दुबई मेट्रोनं आणि पायी: गावाकडच्या आई-बाबांना जमेल का?

अडाणकाठ: नमस्कार मंडळी. आई-बाबा डिसेंबरात लहान भावाकडं दुबईला चालले आहेत. दोघं साठीपुढचे, राहणार दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात. भाऊ दिवसभर ड्युटीवर आणि रोजची टॅक्सी परवडत नाही. हिंदी येते, इंग्रजी नाही. दोघांनाच मेट्रो-बसनं फिरता येईल का? बाबा शेतकरी आहेत. त्यांना मॉलपेक्षा वाळवंट पाहायचं आहे.

कोरडवाहू: नक्की जमेल. फक्त अख्खं शहर पायी पाहायचा विचार सोडा. दुबई समुद्राच्या कडेनं, हायवेला धरून लांबच लांब पसरली आहे. नकाशावर समोर दिसणारी इमारत शेख झायेद रोड या हायवेच्या पलीकडं असते आणि तो रस्ता पायी ओलांडता येत नाही. भलतीकडून ओलांडलं तर दंड बसतो. पलीकडं जायला मेट्रो स्टेशनचा पूल वापरा. तो एसी असतो आणि नुसतं ओलांडायला प्रवासाचं कार्ड लागत नाही. म्हणून एका वस्तीत पायी फिरायचं, दुसऱ्या वस्तीत मेट्रोनं जायचं.

पहिला दिवस जुन्या दुबईचा ठेवा. मेट्रोच्या ग्रीन लाइननं अल रास स्टेशन. तिथून मसाल्यांचा आणि सोन्याचा बाजार पायी. मग डेरा ओल्ड सूक धक्क्यावरून अब्रा, म्हणजे लाकडी नाव, 1 दिरहम रोख (सुटे जवळ ठेवा). पलीकडं बर दुबईचा कापडबाजार, पुढं अल फहिदीच्या गल्ल्या. तिथली जुनी घरं समुद्री प्रवाळाच्या दगडांची आहेत. वरचे चौकोनी बुरूज वारा खाली घरात ओढतात. बाबांना ते नीट बघायला सांगा. परतीला शराफ डीजी स्टेशन. सारं चालणं तीन-चार किलोमीटरच्या आत, आणि या भागात हिंदीवर काम भागतं.

ताई_वणी: कार्डाचं मी सांगते. दोघांना वेगवेगळं सिल्व्हर नोल कार्ड (मेट्रो-बसच्या भाड्याचं कार्ड) घ्या. 25 दिरहमला मिळतं, त्यात 19 प्रवासासाठी असतात. भाड्यासाठी शहराचे झोन, म्हणजे भाग, पाडलेत: एका झोनला 3, दोनला 5, त्याहून जास्त झोनला 7.50. बसमध्ये रोख चालत नाही. गडबड होते ती बसमधून उतरताना: कार्ड टेकवायचं राहिलं की जास्तीचं भाडं कापलं जातं. मेट्रोतून उतरून 30 मिनिटांच्या आत बस धरली तर एकच प्रवास धरतात.

गुलाबी पट्टीचा डबा बायका-मुलांचा. बाबा चुकून तिथं उभे राहिले तर 100 दिरहम दंड, म्हणून दोघांनी साध्या डब्यातच बसावं. मेट्रोत खाणं-पिणंही बंद, दंड तेवढाच. रविवारी मेट्रो सकाळी 8 ला सुरू होते, बाकी दिवशी 5 ला. स्टेशनांची नावं कंपन्यांना विकतात, त्यामुळं ती बदलतात: अल फहिदीचं शराफ डीजी झालं, रशिदियाचं सेंटरपॉइंट. भावाकडून आजचीच नावं कागदावर देवनागरीत लिहून घ्या.

संत्राबाग: राजेहो, एक सामानाचं सांगतो. सावजी मसाला आणि अनारसे देऊ नका. दोन्हीत खसखस असते अन् तिकडं खसखस नेणं गुन्हा आहे. खर्राही घरीच राहू द्या.

दुबई मॉलला गेलेच तर स्टेशनपासून पाऊण किलोमीटरहून लांब बंद पूल आहे. सरकते पट्टे आहेत, तरी आईच्या गुडघ्यांचा विचार करा. डिसेंबरात ऊन सोसवतं. ऑगस्टात मात्र आपल्या मे महिन्याचा अनुभव कामी येत नाही. समुद्राच्या दमटपणानं घाम वाळतच नाही, त्यामुळं अंग थंड होत नाही.

अडाणकाठ: खूप आभार. अन् वाळवंट?

कोरडवाहू: अल घुबैबा बसस्थानकावरून अल ऐन शहराची ई 201 बस घ्या, साधारण दोन तास. शहर सुटलं की खिडकीतून वाळूच्या टेकड्या दिसतात. खरं पाहायचं ते अल ऐनचं ओअॅसिस, बसस्थानकाजवळच: लाखाहून जास्त खजुरीची झाडं, फुकट प्रवेश, सावलीतल्या वाटा. फलज नावाच्या पाटांनी पाणी येतं आणि बागांना पाळीपाळीनं मिळतं. 2011 पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. कालव्याच्या पाळीसाठी रात्री जागणाऱ्या माणसाला तिथं अर्धा दिवस पुरणार नाही, म्हणून सकाळची बस धरा. भाडं एका बाजूचं 25 दिरहम, तेव्हा निघण्याआधीच प्रत्येक कार्डात जाण्या-येण्याचे 50 भरून ठेवा.