पाइप लावून आवळण्याआधी

ट्रॅकवर (साखळीसारख्या पट्ट्यावर) चालणाऱ्या यंत्राच्या स्प्रॉकेटचा, म्हणजे तो पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा, नट ढिला दिसला की पान्याला पाइप लावून आवळा, असं काहीजण सुचवतात. नका करू तसं. पाइपने किती जोर लागला ते कळतच नाही. बोल्ट जास्त ताणला गेला तर पुढच्या धक्क्यात तुटू शकतो. आटे वायर ब्रशने साफ करा आणि टॉर्क पान्याने (पिळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजणाऱ्या पान्याने) समोरासमोरचे बोल्ट दोन-तीन टप्प्यांत आवळा. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांचा असेल तर तेल लावू नका, तेवढ्याच टॉर्कला ताण जास्त येतो. मग नट आणि बेस यांवर रंगाची एक सरळ रेघ मारा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. नट-वॉशरभोवती तांबडी भुकटी म्हणजे आत घासतंय. एक बोल्ट तुटलेला सापडला तर शेजारचेही बदला, भार त्यांनीच वाहिलेला असतो. १०.९ ग्रेडच्या (जास्त मजबूत) बोल्टच्या जागी ८.८ चा चालत नाही.

ट्रॅकला लागलेली आपल्याकडची काळी माती ओली असतानाच धुवा, वाळली की छिन्नीच लागते.

हॅचच्या (यंत्रावरच्या झाकणाच्या) खिटीला जाड ग्रीस नको, उन्हाळ्यातली धूळ त्यात बसून स्प्रिंग अडकते. पातळ तेल पुरे. आणि झाकण उघडं धरणारी खिटी हलवून बघाच. बंद बाजू सगळे तपासतात, पण बोटं चेंगरतात ती उघडं झाकण पडल्याने.