चार बोटांचं अंतर: उषाच्या तयारीत नंबियार सरांचं काय बरोबर होतं, काय चुकलं?

मैदानवेडा

लॉस एंजेलिस, ८ ऑगस्ट १९८४. महिलांची ४०० मीटर अडथळा शर्यत. मोरोक्कोची नवाल एल मुतवाकेल पहिली, ५४.६१ सेकंद. अमेरिकेची ज्युडी ब्राउन दुसरी, ५५.२०. रुमानियाची क्रिस्टियाना कोजोकारू तिसरी, ५५.४१. आपली पी. टी. उषा ५५.४२. माझ्या पिढीला हे आकडे पाढ्यांसारखे पाठ आहेत. हळहळ करून झाली, चाळीस वर्षं झाली. मला बोलायचंय ते प्रशिक्षक ओ. एम. नंबियार यांनी घेतलेल्या निर्णयांवर, कारण त्यावर आपल्याकडे एकतर आरती होते नाहीतर शिव्या.

उषा मुळात वेगाची धावपटू. सोळाव्या वर्षी मॉस्को ऑलिम्पिकला १०० मीटर पळाली, १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये १०० आणि २०० मीटरची रौप्यपदकं मिळवली, १९८३ ला कुवेतच्या आशियाई स्पर्धेत ४०० मीटरचं सोनं. अशा मुलीला नंबियार सरांनी अडथळ्यांकडे वळवलं. महिलांची ही शर्यत १९८४ लाच पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आली होती.

माझं मत स्पष्ट आहे. हा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. त्याच ऑलिम्पिकमध्ये साध्या ४०० मीटरची तिन्ही पदकं पन्नास सेकंदांच्या आत गेली. उषाची आयुष्यातली सर्वोत्तम वेळ ५१.६१, तीही पुढच्या वर्षीची. तिथे ती पदकाच्या आसपासही नसती. १००-२०० चा तर विषयच नको. अडथळ्यांमध्ये मात्र उपांत्य फेरीत तिनं ५५.५४ वेळ देत ज्युडी ब्राउनला मागे टाकलं होतं.

मग चुकलं कुठे? पळण्याची तयारी झाली, शर्यतीची झाली नाही. अंतिम फेरीत ऑस्ट्रेलियाच्या डेबी फ्लिंटॉफकडून फॉल्स स्टार्ट झाला, म्हणजे ती बंदुकीच्या आधीच निघाली, सगळ्यांना परत बोलावलं आणि उषाची लय मोडली. शेवटी रेषेवर छाती पुढे झोकायला ती कमी पडली. सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे त्या वेगात जेमतेम सात सेंटिमीटर. हाताची चार बोटं आडवी धरा, तेवढंच. परत बोलावल्यावर डोकं कसं ताळ्यावर ठेवायचं आणि रेषेवर कसं झुकायचं, हे शिकवणं प्रशिक्षकाचंच काम आहे.

माणदेशी

निर्णय बरोबर होता हे मान्य. पण दोष ज्याच्या पदरात टाकताय तो माणूस चुकीचा.

नवाल कुठे तयार झाली? आयोवा स्टेट विद्यापीठात. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या शर्यती पळत पळत ती त्याच वर्षी त्यांची राष्ट्रीय विजेती झाली. ज्युडी ब्राउनही त्याच मुशीतली. परत बोलावणं, शेजारच्या लेनमधली पुढे निघणं, रेषेवर झटापट हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडलेलं. उषाकडे काय होतं? केरळातल्या पय्योलीची वाळू आणि हवाई दलातून आलेले एक गुरुजी. परदेशी शर्यती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्या मिळवून देणं प्रशिक्षकाच्या हातात नव्हतं, पाठवणाऱ्यांच्या हातात होतं.

आणि जेवण! उषानं स्वतः सांगितलंय की ऑलिम्पिक ग्राममध्ये तिथलं खाणं घशाखाली उतरेना, म्हणून ती तांदळाची पेज आणि लोणचं खाऊन राहिली. शेवटच्या टप्प्यात त्यामुळेच ताकद कमी पडली असं तिचं म्हणणं. दहा अडथळे पार करून शेवटचे ४० मीटर पेजेवर काढायचे? हेही नंबियार सरांच्याच खात्यात लिहिणार का?

मैदानवेडा

@माणदेशी, पेजेचा मुद्दा मान्य. तो राग माझ्याही मनात आहे आणि तो सरांवर नाही. पण परदेशी शर्यती नव्हत्या म्हणून शर्यतीचा सरावच अशक्य होता, हे पटत नाही. आपल्याच देशात एम. डी. वलसम्मा होती, याच प्रकारातली १९८२ ची एशियाड विजेती. लॉस एंजेलिसच्या संघातही होती.

रेघोटी

वलसम्माचं नाव काढलंत ते बरं केलंत, पण तो पुरावा तुमच्याच विरुद्ध जातो. दिल्लीत वलसम्मानं सोनं जिंकलं ते ५८.४७ मध्ये. उषा लॉस एंजेलिसला पळाली ५५.४२. तीन सेकंदांचा फरक! चारशे मीटरमध्ये तो वीस मीटरच्या पुढे जातो. म्हणजे देशात उषाच्या खांद्याला खांदा लावून रेषेपर्यंत येईल अशी कुणी नव्हतीच. जिला रेषेवर झुकायची गरज कधी पडलीच नाही, तिच्या अंगात ती सवय कुठून यावी? सर रोज ओरडून सांगत असले तरी शेजारी कुणीतरी धापा टाकत असल्याशिवाय ते शिकता येत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. तो निर्णय बरोबर होता म्हणून तुम्ही दोघं मान डोलावताय, पण त्यात नशिबाचा भाग किती होता ते बघा. सोव्हिएत संघ आणि पूर्व जर्मनीनं बहिष्कार घातला होता. त्याच जूनमध्ये सोव्हिएत संघाच्या मार्गारिता पोनोमारेवानं ५३.५८ चा विश्वविक्रम केला होता. त्या सगळ्या आल्या असत्या तर उषा चौथी नाही, कदाचित अंतिम फेरीच्या कडेला असती. अशा वेळी "प्रशिक्षकाचा डाव अचूक होता" म्हणणं म्हणजे निकाल बघून शहाणपण.

मैदानवेडा

बहिष्कार जाहीर झाला मे १९८४ मध्ये. अडथळ्यांचा सराव त्याआधीचा. म्हणजे सरांनी रिकामं मैदान बघून डाव टाकला नव्हता, मुलगी बघून टाकला होता. आणि ५५.४२ ही वेळ बहिष्कारामुळे कमी-जास्त होत नाही. ती भारतात जवळजवळ चार दशकं कुणाला गाठता आली नाही. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये विथ्या रामराजनं पहिल्यांदा तिची बरोबरी केली, तीही नेमकी ५५.४२.

जुना ट्रॅक

इतका वेळ वाचत होतो. तुम्ही सगळे त्या एका संध्याकाळीच घुटमळताय. खरा प्रश्न त्यानंतरच्या चार वर्षांचा आहे आणि तिथे मी प्रशिक्षकाला सोडणार नाही.

उषा लॉस एंजेलिसला वीस वर्षांची होती. अडथळ्यांची धावपटू विशीच्या मध्यावर पिकते. ताकद, पावलांचा हिशेब, दमलेल्या पायांनी अडथळा घेण्याची हुशारी हे सगळं तेव्हा जमून येतं. मग सांगा, तिची आयुष्यातली सर्वोत्तम वेळ विसाव्या वर्षीचीच का राहिली? पुढे कित्येक वर्षं पळून ५५.४२ च्या खाली ती एकदाही का गेली नाही?

कारण तिला सगळीकडे पळवलं. १९८५ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत १००, २००, ४००, ४०० अडथळा आणि दोन्ही रिले. पाच सुवर्ण, एक कांस्य. १९८६ ला सेऊल एशियाडमध्ये चार सुवर्ण, एक रौप्य. प्रत्येक प्रकाराच्या प्राथमिक फेऱ्या वेगळ्या. १०० मीटरचा सराव आणि ४०० अडथळ्यांचा सराव एकाच शरीरातून काढणं म्हणजे एकाच बैलाला सकाळी शर्यतीला आणि दुपारी नांगराला जुंपणं. १९८८ च्या सेऊल ऑलिम्पिकला ती गेली तेव्हा टाच दुखावलेली होती. पहिल्याच फेरीत बाहेर.

आता ती फ्लिंटॉफ आठवा, जिच्या फॉल्स स्टार्टवर धागाकर्त्यानं, म्हणजे मैदानवेडा यांनी, बोट ठेवलंय. लॉस एंजेलिसला ती सहावी आली, उषाच्या मागे. पुढची चार वर्षं तिनं ४०० आणि ४०० अडथळा धरून ठेवले. सेऊलला तिनं सोनं जिंकलं ५३.१७ मध्ये. दुसरी आलेली सोव्हिएत संघाची तात्याना लेदोव्स्काया ५३.१८. शंभराव्या भागानं, रेषेवर झुकून! १९८४ ला उषाच्या मागे असलेली बाई चार वर्षांत उषाच्या त्या वेळेच्या सव्वादोन सेकंद पुढे गेली आणि उषा मागे आली. हा हिशेब मला आजही झोपू देत नाही.

सायली_डोंबिवली

जुना ट्रॅक, तुमचा हिशेब बरोबर असेल, पण त्यात आम्ही नाही.

१९८६ मध्ये मी सातवीत होते. सेऊल एशियाडमध्ये भारताची सगळी मिळून पाच सुवर्णपदकं. त्यातली चार उषाच्या धावण्यातून आलेली, रिलेसकट. अख्ख्या देशाची पाचातली चार! अशा वेळी कुठला प्रशिक्षक तिला म्हणेल की बाई, तू २०० सोड, ४०० सोड, आपण दोन वर्षांनंतरच्या एका शर्यतीसाठी थांबू? आणि म्हटलं असतं तर लोकांनी त्याला उभं केलं असतं?

आमच्या चाळीत मुलगी जिन्यावरून धावत उतरली की बायका म्हणायच्या, "आली बघा पीटी उषा." सुरुवातीला ते टोमण्यासारखं असायचं. एशियाडनंतर माझ्या आजीनं तेच वाक्य शेजारणीला अभिमानानं सांगितलेलं मी या कानांनी ऐकलंय. मला त्यानंतर शाळेच्या संघातून पळायला घरून कुणी अडवलं नाही. फ्लिंटॉफच्या एका सोन्यानं हे झालं नसतं, माफ करा.

जुना ट्रॅक

सायलीताई, तुमच्या आजीचं वाचून गहिवरून आलं, खोटं नाही सांगत. पण हे आपण तिच्याकडून घेतलं, तिच्या टाचेच्या जिवावर. प्रशिक्षकानं देशाच्या आणि धावपटूच्या मध्ये उभं राहायचं असतं. देशाला टाळ्या हव्यात, चूक नाही त्यात. पण "आता पुरे" म्हणणारा दुसरा कोण असतो तिच्याकडे?

माणदेशी

एक बोलू का? आमच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वेळा पहिली. तिला स्टीपलचेसला, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या ३००० मीटरच्या शर्यतीला, वळवलं तेव्हा आमच्याकडे पारावर लोक म्हणत होते, चांगली मॅरेथॉनची पोरगी बिघडवणार. ती २०१४ ला एशियाडचं कांस्य घेऊन आली आणि २०१६ ला रिओत ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचून दहावी आली. तिला वळवल्यावर तिथेच ठेवलं, मॅरेथॉनही पळ आणि हेही पळ असं केलं नाही. जुना ट्रॅक यांचं म्हणणं या बाजूनं मला पटू लागलंय. पण नंबियार सरांकडे असा आधीचा दाखला एकही नव्हता. ते वाट पाडत होते. चालून झालेल्या वाटेवर उभं राहून पहिल्या माणसाला खड्डे दाखवणं सोपं असतं.

पीटीच्या बाई

मी तालुक्याच्या ठिकाणी मुलींना शिकवते, म्हणून जरा जमिनीवरचं सांगते.

आमच्याकडे सिंथेटिक ट्रॅक नाही. फक्कीच्या रेघा मारतो, वाऱ्यानं दुपारपर्यंत निम्म्या जातात. हर्डल्स गावातल्या वेल्डरकडून लोखंडी पाइपाच्या करून घेतल्या होत्या. पाय लागला की हर्डल उभीच राहायची आणि पोरगी पडायची. दोन महिन्यांनी वरचा पाइप कापून तिथे प्लास्टिकची पट्टी नुसती टेकवून ठेवली, तेव्हा मुलींच्या मनातली भीती गेली आणि वेळ आपोआप सुधारली. अडथळ्यांची शर्यत भीतीची आणि मोजणीची असते. दोन अडथळ्यांमध्ये ३५ मीटर. माझ्या मुली ती १७ पावलांत घेतात. सातव्या अडथळ्यापाशी दम लागला की १८ होतात आणि मग उडी दुसऱ्या पायावर येते. तो पाय घोटवलेला नसेल तर मुलगी अडथळ्याच्या तोंडाशी येऊन पावलं चोरते. तिथेच सगळं जातं. वेगाच्या मुलीला हे सगळं शिकवून ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत नेणं किती अवघड आहे, हे मला रोज संध्याकाळी कळतं. त्यामुळे निर्णयाबद्दल मी सरांना दंडवत घालते.

पण धागाकर्त्याशीही मी सहमत आहे आणि रेघोटी यांच्याशी नाही. शेजारी तोडीची मुलगी नसेल तर प्रशिक्षकानं ती तयार करायची असते. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या स्पर्धेत माझ्या मुलीच्या शर्यतीत फॉल्स स्टार्ट झाला. तिनं दुसऱ्यांदा बंदूक ऐकली आणि पुन्हा परत बोलावतील म्हणून अर्धं पाऊल थांबली. सहावी आली. गाडीत ती रडली नाही, मीच रडले. कारण परत बोलावण्याचा सराव मी एकदाही घेतला नव्हता, आणि तो घ्यायला परदेश दौरा लागत नाही, नुसती शिट्टी लागते.

आता माझ्याकडे वेगाची जी मुलगी आहे, तिच्या पुढे १५ मीटरवर मी शाळेतल्या दोन मुलांना उभं करते. तिघं रेषेवर एकत्र येतात. रेषेवर छातीच्या उंचीला सुतळी धरायला दोन लहान मुली. सुतळी कुणाच्या बनियनला आधी लागली यावर रोज भांडण होतं.

रेघोटी

बाई, मुलांना पुढे उभं करण्याची युक्ती सुचली नव्हती, माझं म्हणणं तेवढ्यापुरतं मागे घेतो. बहिष्काराचं मात्र नाही. पण एक विचारायचं होतं. त्या मुलीला तुम्ही १०० आणि २०० मध्येही उतरवता का?

पीटीच्या बाई

या वर्षीपर्यंत उतरवत होते. तालुक्याला तिघींचं मिळून एक बक्षीस यायचं, हिच्या एकटीची तीन येतात, आणि शाळेला ती हवी असतात. जुना ट्रॅक यांचा प्रतिसाद काल रात्री दोनदा वाचला. पुढच्या आठवड्यात नावं द्यायची आहेत. २०० च्या रकान्यात तिचं नाव पेन्सिलीनं लिहून ठेवलंय.